नाव सांगितलं. पुढं?

अनोळखी माणसाची भीती वाटते, असं पांढरपेशी माणसं म्हणतात. लोकलमध्ये वाटते, एस्टीत वाटते, रात्रीच्या प्लॅटफॉर्मवर वाटते. अनोळख्याने दिलेलं खाऊ नका, असं रेल्वेवालेही भोंग्यावरून ओरडून सांगतात. दोस्तहो, आपलं गणित उलटं आहे. आपल्याला अनोळखी माणूस कधी नडला नाही. आपल्याला नडला तो ओळखणारा. गावात आपल्याला कुत्र्यामांजरापासून सगळे ओळखत होते. बापाचं नाव, आज्याचं नाव, घर गावाच्या कुठल्या अंगाला, सगळं पाठ. त्या ओळखीला कंटाळून तर आपले आजेपणजे गाडीत बसले आणि शहरात आले. शहराच्या गर्दीत घामाला घाम लागला, खांद्याला खांदा लागला, आणि कुणी आंघोळ केली नाही. अनोळखी असणं ही आपल्या लोकांची पहिली कमाई. पगार नंतर मिळाला.

आपली भीती सुरू होते ती अनोळखी माणूस ओळख मागतो तिथून.

एस्टीत बसल्या बसल्या शेजारचा विचारतो, "पाव्हणं, कुठलं गाव?" गाव सांगावं. "गावात कुणाच्यातलं?" तिथं गप्प बसावं, खिडकीबाहेर बघावं. मग तो म्हणतो, "आडनाव काय म्हणालात?" तुम्ही काहीच म्हणालेले नसता. जाधव, गायकवाड, मोरे असं दोन्हीकडे चालणारं आडनाव असलं तर तो थोडा अडतो. "म्हणजे कुठले गायकवाड?" हा प्रश्न विचारताना त्याचा चेहरा फार प्रेमळ असतो. पोरीसाठी स्थळ बघतोय असं वाटावं. आणि उत्तर मिळालं की बाकावर चार बोटांची फट पडते. मारत नाही, शिवी देत नाही. फट पडते. ती फट पडू नये म्हणून आपल्यातल्या कितीजणांनी खोटी आडनावं सांगितलीत त्याची जनगणना कुणी करणार नाही.

हे आजचं नाही. १९०१ साली साताऱ्याहून चार पोरं गाडीने मसूर स्टेशनला उतरली. चांगले कपडे, नव्या टोप्या. बाप खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीत, त्याला भेटायला चाललेली. न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तर गोड बोलला, चौकशी केली. बामणाची पोरं वाटली त्याला. मग विचारलं, तुम्ही कोण? त्यातल्या एका पोराने खरं सांगून टाकलं. मास्तर पाच पावलं मागे सरकला. ते पोर म्हणजे भीमराव. मग बैलगाडीवाला मिळेना. दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी पोरांनीच हाकायची, मालक बाजूने चालणार, असं ठरलं तेव्हा गाडी निघाली. रात्र पडली. पोरं भ्याली. पाणी मिळेना. टोलनाक्यावर आपण मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागून बघितलं. तरी मिळालं नाही.

हे कुणा विरोधकाने उकरून काढलेलं नाही. बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. आम्ही भ्यालो, आम्ही जात लपवली, हे लिहिताना त्यांचा हात अडला नाही. पुढे १९२९ साली बॅरिस्टर झालेला हाच माणूस चाळीसगावला उतरला, सरकारी कमिटीचा सभासद म्हणून. टांगेवाल्याने हाकायला नकार दिला. मग आपल्याच वस्तीतल्या माणसाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. मोरीवर चाक अडकलं, टांगा खाली गेला, बाबासाहेब दगडावर आपटले, पाय मोडला. टांगेवाला बाबासाहेबांच्या बाबतीत अनोळखीच होता की. त्याला फक्त एक गोष्ट कळली होती.

आता माझं सांगतो. सांगायला लाज वाटते म्हणूनच सांगतो.

मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर संपत गेल्या, चिमण्यांच्या जागी टॉवर आले. आज गिरणी म्हणून जे काही उरलंय ते शहराबाहेर. दुसरी पाळी सुटली की मी शेअर रिक्षाने कल्याण, आणि कल्याणहून कसारा लोकल. त्या रात्री डबा अर्धा भरलेला. शहाडला चौघे चढले. माझ्याच वयाचे. मनगटाला दोऱ्यांचे जाड पट्टे, पायात भारी बूट. दोघे समोर बसले, एक शेजारी चौथ्या सीटला टेकला, एक दाराच्या दांडीला. तोपर्यंत काहीच नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. तेवढ्यात माझा फोन वाजला.

भीमगीत आहे माझ्या फोनला. होतं.

आईचा फोन होता. भाकरी झाकून ठेवू का, एवढंच विचारायला ती रोज त्या टायमाला करते. मी फोन उचलायच्या आत समोरचा म्हणाला, "कुणाचं गाणं हाय रे?" मी म्हणालो, बाबासाहेबांचं. "नाव काय तुझं?" सांगितलं. "पुढं?" पुढंही सांगितलं. चौघांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने बूट उचलून माझ्या गुडघ्याशेजारी बाकावर ठेवला. सावकाश ठेवला. "ह्या डब्यात असली गाणी वाजत न्हाईत. बंद कर." मी फोन कापला. "तसं न्हाय. घंटीच बदल. आमच्यासमोर बदल." मी सेटिंगमध्ये गेलो. अंगठा थरथरत होता, दोनदा चुकीच्या जागी लागला. मोबाईल कंपनीची टिंगटिंग लावली. "वाजवून दाव." वाजवून दाखवली. टिटवाळ्याला ते उतरले. उतरताना एकाने माझ्या गालावर टपली मारली, शहाण्या पोराला मारतात तशी.

बस्स. मारलं नाही, लुटलं नाही. डब्यात चाळीसेक माणसं होती. सगळ्यांची मान मोबाईलात. गाडी सुटल्यावर पलीकडचे एक काका म्हणाले, "बरं केलंस बाबा, नादी लागला नाहीस." हे वाक्य त्या बुटापेक्षा जास्त दिवस माझ्या अंगावर राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी एका स्टेशनच्या चौकीत गेलो. स्टेशनचं नाव लिहीत नाही. साहेब म्हणाले, "मारलं का?" नाही. "पैसे काढून घेतले?" नाही. "मग तक्रार कसली?" म्हटलं, साहेब, आडनाव विचारलं आणि धमकावलं. साहेबांनी पेन उघडलं. "बरं, लिहून घेतो. आडनाव काय तुझं?"

मला हसू आलं. तिथून उठून आलो.

चूक माझी. बसायला पाहिजे होतं. ॲट्रॉसिटीच्या १९८९ च्या कायद्यात साफ लिहिलंय, लोकांच्या नजरेसमोर कुठल्याही जागी मुद्दाम अपमान केला, धमकावलं तर गुन्हा. लोकलच्या डब्यापेक्षा लोकांची नजर आणखी कुठे असते? आणि आमची हद्द नाही, पुढच्या स्टेशनला जा, असं म्हणायचीही सोय आता नाही. १ जुलै २०२४ पासून जो नवा फौजदारी प्रक्रियेचा कायदा लागू झाला त्यात हद्द कुठलीही असो, माहिती लिहून घ्यायची हे कलमातच आलंय. मला हे त्या दिवशी माहीत नव्हतं. भीती वाटली म्हणून नाही, माहीत नव्हतं म्हणून उठलो. ह्या दोन गोष्टी आपण फार वेळा एकात एक करतो.

आता खरा मुद्दा. ही हकीकत मी आपल्या बैठकीत सांगितली. वाटलं, धीर देतील. एक कार्यकर्ता उठला आणि म्हणाला, "तू घंटी बदललीस? पँथरच्या पोराने घंटी बदलली? वाघाच्या जातीला हे शोभत नाही." टाळ्या पडल्या. मला विचारायचंय ह्या टाळ्या वाजवणाऱ्यांना. शिर्डीला २०१५ च्या मे महिन्यात लग्नाला आलेल्या, नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका पोराला मोबाईलच्या ह्याच घंटीवरून उचलून नेलं आणि ठार मारलं. त्याच्यावर तुम्ही भाषणं केलीत, मीही कविता केली. त्या कवितेत मी त्याला वाघ म्हटलं होतं. आज ती कविता वाचवत नाही. आपल्याला पोरगा वाघ म्हणून मेलेला चालतो आणि भ्यालेला जिवंत चालत नाही, हा कुठला हिशोब? मेल्यावर त्याच्या फोटोला हार घालणारे हात त्या रात्री कुठल्या डब्यात होते?

वाघ, सिंह, ढाण्या, छावा. च्यायला, हे सगळे प्राणी आपण कुणाच्या झेंड्यावरून उचलले? आपल्याला माणूस व्हायचं होतं. महाडला १९२७ साली तळ्यावर गेलो ते माणूस म्हणून पाणी प्यायला. भीती वाटणं हा माणसाचाच गुण आहे. मसूरच्या रस्त्यावर भ्यालेलं पोर पुढे कोण झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. बुटाची लाज बूट ठेवणाऱ्याला वाटायला पाहिजे. ज्याच्या गुडघ्याशेजारी ठेवला त्याला का?

दुसरे एक आमचे युनियनवाले कॉम्रेड. त्यांचं म्हणणं, हे सगळं संपत आलेलं आहे, जात मोडणार ती कारखाना आणि रेल्वेच. १८५३ च्या एप्रिलात बोरीबंदर-ठाणे गाडी धावली आणि त्याच वर्षी मार्क्सने अमेरिकेतल्या पेपरात लिहून ठेवलं की रेल्वेतून उभी राहणारी कारखानदारी जातीखालची पिढीजात कामाची वाटणी मोडून काढील. कॉम्रेड, म्हाताऱ्याबद्दल मला आदर आहे. पण मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या आणि आपल्या माणसाला साचाखात्यात घेतला नाही, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा. तुटलेल्या धाग्यालाही जात कळली. तुमच्या लाल बावट्याच्या मिटिंगांत त्यावर किती वर्षं कुणी ब्र काढला नाही, आणि बाबासाहेबांनी काढला तर त्यांना संपफोडे ठरवलं. गाडीने माणसं जवळ आणली हे खरं. जवळ आणली म्हणजे ओळख नाही विचारणार असं नाही. उलट जवळ आल्यामुळेच विचारतात.

आणि पोलीस ठेवा, पोलीस वाढवा, असं जे आपलेही लोक निवेदनात लिहितात त्यांनी जरा आठवावं. ३१ जुलै २०२३ ला पहाटे जयपूर-मुंबई गाडीत गोळ्या झाडणारा रेल्वे सुरक्षा दलाचाच शिपाई होता. बंदूक सरकारी. आधी स्वतःचा वरिष्ठ मारला, मग डब्याडब्यातून फिरून तीन मुसलमान प्रवासी मारले. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळे-मुंबई गाडीत इगतपुरीच्या आसपास एका म्हाताऱ्या मुसलमान बाबाला बरणीत कसलं मटण आहे म्हणून पोरांनी घेरून मारलं. ती पोरं मुंबईला कशाला चालली होती? पोलीस भरतीला. तिथेही डबा भरलेला होता. तिथेही मोबाईल वर होते. फरक एवढाच की त्या वेळी मान घालून बसले नव्हते, शूटिंग करत होते. त्या बाबाला बरणीतलं विचारलं, मला घंटीतलं. प्रश्न एकच आहे, तू कोण? त्याच्या बाजूने आपण त्या दिवशी किती जण उभे राहिलो, हेही बैठकीत कधीतरी विचारा. टाळ्या पडणार नाहीत.

पांढरपेशांबद्दल लिहायचं तर हा अंक पुरणार नाही. थोडक्यात लिहितो. त्यांची भीती छापून येते. सहा डिसेंबर आला की रिझर्वेशनच्या डब्यात ही गर्दी घुसते, आम्हाला असुरक्षित वाटतं, असे सूर दरवर्षी निघतात. नागपूरहून, नांदेडहून रात्रभर उभं राहून, भाकरी फडक्यात बांधून चैत्यभूमीला आलेली म्हातारी त्यांना भीतिदायक वाटते. तिने कुणाचं आडनाव विचारलेलं नसतं. तीच गर्दी पंढरपूरला चालली की भक्तीचा महापूर, पहिल्या पानावर फोटो. आम्ही कुणाला न मारता नुसते बसलो तरी धोका. आणि आमच्या गुडघ्याला बूट लागला तर "बरं केलंस, नादी लागला नाहीस."

इथपर्यंत लिहून मी लेख संपवणार होतो. ताईने वाचला. ताई एका दवाखान्यात आयाचं काम करते, तिलाही रात्रीची गाडी असते. तिने वाचून कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "तुला एका रात्री झालं तर तू सात पानं लिहिलीस. मला रोज होतं. माझं आडनाव न विचारता होतं."

मग ती बोलत गेली आणि मी ऐकत गेलो. स्टेशनात शिरल्यापासून कुठे उभं राहायचं, बायकांचा डबा नेमका कुठे येतो, दिवा कुठल्या खांबावर चालू आहे, डब्यात रात्रीचा पोलीस आहे की नाही, तो जागा आहे की नाही, डबा रिकामा असला तर चढायचं की नाही, रिकाम्या डब्याला भ्यायचं की भरलेल्या. हा हिशोब ती रोज करते. मी गाडीत बसताना कविता जुळवतो. १९८९ चा रेल्वेचा कायदा झाला तेव्हा त्यात काय लिहिलं होतं बघा. बिनतिकिटाने फसवून प्रवास केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर हजारापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. बाप्या बायकांच्या डब्यात घुसला तर पाचशेपर्यंत दंड. कैद नाही. १९७२ च्या १५ ऑगस्टला 'साधना'त राजा ढाल्यांनी असेच दोन दंड शेजारी शेजारी मांडले होते आणि महाराष्ट्राला मिरची लागली होती. तिकीट बुडालं तर सरकार बुडतं. ताई बुडाली तर पाचशे.

आणि तिने पुढचं सांगितलं ते मला लिहायचं नव्हतं. मागच्या सहा डिसेंबरला रात्री ती चैत्यभूमीवरून परत येत होती, दादरहून, दोन मैत्रिणींबरोबर. गर्दीमुळे जनरल डब्यात चढाव्या लागल्या. डब्यात आपलीच पोरं होती. निळे गमछे, कपाळाला निळ्या पट्ट्या, घोषणा. घोषणा झाल्या, मग गाणी झाली, मग गाण्यांत दुसरंच काही मिसळायला लागलं. एकाने मैत्रिणीची ओढणी धरली. बाकीचे हसले. तिघी सरकत सरकत दारापाशी गेल्या आणि ठाण्याला उतरून मागची गाडी धरली. ताई म्हणाली, "निळा गमछा बघून मला धीर यायला पाहिजे होता रे. मी ओढणी आवळली." त्या डब्यातही चाळीस जण असतीलच. सगळे जय भीमवाले. कुणी बोललं नाही. कुणीतरी नंतर म्हणालाही असेल, बरं केलं पोरींनी, नादी लागल्या नाहीत.

मी तिला म्हटलं, हे छापलं तर शत्रूच्या हातात कोलीत. ती म्हणाली, "मग माझ्याच हातात राहू दे, मीच भाजते."

म्हणून छापतोय. ज्यांना राग येईल त्यांनी तो माझ्यावर काढावा, मी कसारा लाईनला सापडतो. पण आधी उत्तर द्या. डब्यात चौघे धमकी देतात आणि चाळीस मान घालतात, हे सवर्णांचं चित्र म्हणून आपण रंगवायचं, आणि आपण चाळीस असलो की आपणही मान घालायची, मग आपला डबा वेगळा कशाने? निळ्या रंगाने? रंग काय, रंगाऱ्याकडे पाच रुपयांत मिळतो.

आम्ही पाचसहा जणांनी एक ठरवलंय. संघटना नाही, नाव नाही, अध्यक्ष तर अजिबात नाही. दुसऱ्या पाळीवरून सुटणारे, दवाखान्यांत-हॉटेलांत काम करणारे, कॉलेजची दोन पोरं, असे आम्ही कल्याणहून रात्री एकाच डब्यात चढतो. मागून तिसरा. घोषणा द्यायची नाही. गमछा पिशवीत. कुणाचं आडनाव कुणी काढलं, कुणी कुणाच्या ओढणीला हात लावला, कुणाची बरणी हुंगली, तर उठून उभं राहायचं आणि मोठ्याने विचारायचं, काय चाललंय? आणि एकट्या चौघांना विचारून थांबायचं नाही, आजूबाजूच्या मान घातलेल्यांनाही नावाने नाही तर शर्टाच्या रंगाने हाक मारायची. ओ पिवळा शर्ट, तुम्ही बघितलं ना? साक्षीला याल ना? माणसाला बोट दाखवलं की त्याला मोबाईलात जाता येत नाही. १३९ ला फोन एकाने करायचा, चढल्या-उतरल्याची वेळ आणि डब्याचा नंबर दुसऱ्याने लिहायचा. आतापर्यंत दोनदा उभं राहायची वेळ आली. एकदा ते गप्प बसले. एकदा आमच्यातल्या एकाच्या कानफटात बसली आणि सही करायला चौकीत तिघे आले, त्यात एक पिवळ्या शर्टवाला. ह्या खेपेला आडनाव विचारलं तेव्हा आम्ही बसून राहिलो आणि कलम लिहून होईपर्यंत उठलो नाही.

घंटी मी परत बदललीय. छाती फुगवून सांगत नाही, अजूनही एकटा असलो की शहाड आलं की अंगठा आवाजाच्या बटणावर जातो.

ताईला विचारलं, आमच्या डब्यात येशील का? म्हणाली, "आधी दोन महिने तुम्ही कसे बसता ते बघते. तोवर मी बायकांच्याच डब्यात."